कमी खर्चाचे फ्रेंच भयपट: एक घर, चार माणसे आणि फसलेला शेवटचा अर्धा तास

रात्रीची वेळ आहे. एक गरोदर बाई घरात एकटीच बसली आहे. पोलीस नुकतेच येऊन, सगळे ठीक असल्याची खात्री करून गेले आहेत आणि दारे बंद आहेत. कॅमेरा तिच्यावर आहे आणि तिच्या मागे घराच्या आतला काळोख आहे. काही क्षण काहीच घडत नाही. मग त्या काळोखाचा एक तुकडा किंचित फिकट होतो आणि पाहणाऱ्याच्या लक्षात येते की तिथे एक चेहरा आहे, आणि तो बराच वेळ तिथेच असला पाहिजे. बाईला मात्र यातले काहीच ठाऊक नाही. ज्युलियाँ मोरी आणि अलेक्सांद्र ब्युस्तियो यांच्या ‘आ लँतेरिएर’ या 2007 सालच्या चित्रपटातला हा प्रसंग आहे. बाहेरच्या जगात हा चित्रपट ‘इनसाइड’ या नावाने ओळखला जातो. या प्रसंगासाठी लागले काय, तर बेआत्रिस दाल ही अभिनेत्री, तिचे काळे कपडे आणि एक दिवा न लावण्याचा निर्णय. त्याच चित्रपटात पुढे गर्भातल्या बाळाची संगणकावर तयार केलेली दृश्ये अधूनमधून येतात. आईला धक्का बसला की आत बाळालाही धक्का बसतो, असे ती दाखवतात. त्यांवर दिवा न लावण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा खर्च झाला असणार, आणि संपूर्ण चित्रपटात खोटे वाटणारे असे काही असेल तर ते नेमके हेच बाळ आहे.

गेल्या काही महिन्यांत मी असे दीड डझन फ्रेंच भयपट, काही पहिल्यांदा आणि काही दुसऱ्यांदा, जवळजवळ सलग पाहिले, आणि या एका चित्रपटात दिसलेला हिशेब मला बहुतेक सगळ्यांत पुन्हा पुन्हा दिसला. मराठीत म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. कमी खर्चाचा फ्रेंच भयपट आपले दारिद्र्य मान्य करून कामाला लागतो तोवर त्याला जवळजवळ तोड नसते. आपण मोठा, महागडा किंवा फार गहन चित्रपट असल्याचा आव तो आणू लागला की तिथून त्याची घसरण सुरू होते. हा क्षण बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात येतो, म्हणून या चित्रपटांचे परीक्षण करताना पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास यांना वेगवेगळे गुण द्यावेसे वाटतात. ‘कमी खर्च’ हा शब्द मी सैलपणे वापरतो आहे. सर्वसाधारण फ्रेंच चित्रपटाला 40 ते 50 लाख युरो लागतात असे धरले, तर येथे चर्चेला घेतलेले बहुतेक चित्रपट त्याच्या आत किंवा फार तर त्याच्या आसपास बसतात आणि एखाददुसरे घर, मोजके कलाकार व थोड्या आठवड्यांचे चित्रीकरण एवढ्यावर उभे राहतात.

सिनेमाला सरकारी पाठबळ देण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या देशात भयपटांनाच पैशाची चणचण का भासावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. चित्रपटगृहातील प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर बसतो आणि तो पैसा राष्ट्रीय चित्रपट केंद्रामार्फत, म्हणजे सीएनसीमार्फत, पुन्हा सिनेमाकडे वळतो. शिवाय दूरचित्रवाणी वाहिन्यांवर आपल्या उलाढालीचा काही हिस्सा चित्रपटनिर्मितीत गुंतवण्याचे बंधन आहे. गोम येथेच आहे. पैसा घालणाऱ्या वाहिनीला चित्रपट रात्रीच्या जेवणानंतरच्या मोक्याच्या वेळेत दाखवायचा असतो. पण 12 वर्षांखालील मुलांना मनाई असलेला चित्रपट सर्वांसाठी खुल्या असलेल्या वाहिनीवर सहसा रात्री दहाच्या आधी दाखवता येत नाही, 16 वर्षांखालील मनाई असेल तर साडेदहाच्या आधी दाखवता येत नाही, आणि 18 वर्षांखालील मनाई असेल तर तो रस्ताच बंद होतो. त्यामुळे खुल्या वाहिन्या भयपटापासून चार हात दूर राहतात आणि निर्मात्याला बहुधा कनाल प्लस या सशुल्क वाहिनीचे दार ठोठवावे लागते. पास्काल लोजिए यांच्या ‘मार्तीर’ला 2008 साली प्रथम 18 वर्षांखालील मनाईचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा फ्रेंच चित्रपटसृष्टीत एवढी ओरड झाली त्यामागचे कारणही हेच होते. असे प्रमाणपत्र म्हणजे चित्रपटगृहे आणि वाहिन्या दोन्हींकडून आर्थिक मरण. सांस्कृतिक मंत्रालयाच्या सांगण्यावरून फेरविचार झाला आणि मनाई 16 वर्षांवर आली.

आता गुणांकडे वळू, कारण ते थोडे नाहीत. पहिला गुण म्हणजे जागेचा वापर. एरिक व्हालेत यांचा 2002 सालचा ‘मालेफिक’ जवळजवळ संपूर्णपणे तुरुंगाच्या एकाच कोठडीत घडतो. चार कैदी, चार बिछाने, एक खिडकी आणि भिंतीतल्या विटेमागे सापडलेली जुनी वही, एवढीच सामग्री. वही पूर्वी याच कोठडीत असलेल्या एका कैद्याची आहे आणि तिच्यातल्या मंत्रांनी येथून बाहेर पडता येईल असे चौघांना वाटू लागते. दिग्दर्शकाकडे दुसरी जागा नसल्यामुळे त्याला या एका जागेचा कोपरान् कोपरा वापरावा लागला आहे. कोण कोणत्या बिछान्यावर झोपतो, कोण भिंतीकडे तोंड करतो, पहारेकऱ्याची पावले ऐकू आली की वही कोणाच्या गादीखाली जाते, या तपशिलांतून आपल्याला त्या चौघांची उतरंड कळत जाते आणि वीस मिनिटांत ती कोठडी आपल्या स्वतःच्या खोलीइतकी पाठ होते. नंतर त्या परिचित जागेत एखादी गोष्ट इकडची तिकडे झाली तरी अंगावर काटा येतो. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला ही ओळख करून देण्याची सवड नसते, कारण त्याला पुढच्या सेटकडे धावायचे असते.

दुसरा गुण ध्वनीचा, आणि त्याचा सर्वोत्तम नमुना दाविद मोरो आणि झाव्हिए पालू यांच्या ‘ईल’ या 2006 सालच्या चित्रपटात आहे. रुमानियात राहणारे एक फ्रेंच भाषिक जोडपे, गावाबाहेरचे मोठे जुने घर आणि रात्री आवारात शिरलेले कोणीतरी. चित्रपट कसाबसा सव्वा तासाचा आहे, आणि त्यातला बराच काळ आपल्याला हल्लेखोर नीट दिसतच नाहीत. कानावर पडतो तो एक कोरडा, लाकडी खडखडाट. एखादे खेळणे फिरवावे तसा. तो कधी माळ्यावरून येतो, कधी भिंतीपलीकडून, आणि घराचा नकाशा डोक्यात तयार झालेला असल्यामुळे आवाज किती जवळ आला हे मोजण्याचे काम आपण नकळत करू लागतो. जे दिसत नाही त्याला रंगभूषा लागत नाही, त्याच्यासाठी सेट लागत नाही आणि ते कधी खोटेही दिसत नाही. चित्रपट सत्यघटनेवर आधारित असल्याचा जो गाजावाजा करतो तो मात्र मला अनावश्यक वाटला. इतक्या नेटक्या यंत्रणेला असल्या शिफारसपत्राची गरज नव्हती.

अलेक्सांद्र आजा यांच्या ‘हॉत तांसियाँ’मधला (2003) एक प्रसंग मी या संपूर्ण परंपरेतला सर्वोत्तम मानतो आणि त्यात रक्ताचा एक थेंबही नाही. शेतातल्या एकाकी घरात खुनी शिरला आहे. वरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलेल्या मारीला तो जिना चढताना ऐकू येतो आणि पळायला वाट नाही. अशा वेळी ती काय करते, तर पलंग नीट करते. चादरीची सुरकुती काढते, आपले सामान लपवते, बेसिन पुसून घेते आणि मग पलंगाखाली शिरते, म्हणजे या खोलीत कोणी राहिलेलेच नाही असे वाटावे. भीतीने हात थरथरत असताना माणसाने नीटनेटकेपणाने घरकाम करावे, या कल्पनेत जो थरार आहे तो कोणत्याही विकत घेतलेल्या विशेष दृश्यात नाही. सेसिल द फ्राँस यांचा चेहरा आणि फिलिप नाओं यांचे जड बूट, एवढ्या भांडवलावर हा प्रसंग मिनिटामिनिटाने ताणला आहे. चित्रपटातल्या दृश्य हिंसेचे काम इटलीच्या जान्नेत्तो दे रोस्सी या मुरलेल्या कारागिराकडे होते, आणि तिथेही जिन्याच्या कठड्यासारख्या साध्या वस्तूचा उपयोग कसा केला आहे हे पाहण्यासारखे आहे, अर्थात पाहवत असेल तर.

या हातांनी घडवलेल्या रक्तपाताची वंशावळ जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी आहे असे म्हटले तरी चालेल. पॅरिसच्या पिगाल भागात, शाप्ताल रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पूर्वी प्रार्थनामंदिर असलेल्या छोट्याशा इमारतीत 1897 पासून 1962 पर्यंत ‘ग्राँ गिन्योल’ नावाचे नाट्यगृह चालले. जेमतेम तीनशे प्रेक्षक मावतील एवढी ती जागा होती. तिथे एका संध्याकाळी प्रहसने आणि भीषण नाटके आलटून पालटून दाखवली जात, म्हणजे हसून सैल झालेला प्रेक्षक पुढच्या नाटकात पुरता सापडे. ग्लिसरीन आणि कार्मिन यांच्या मिश्रणाचे रक्त, हातचलाखीने उघडणाऱ्या जखमा आणि प्रेक्षकांपासून काही हातांवर असलेला रंगमंच हे त्या नाट्यगृहाचे भांडवल होते. फ्रेंच भयपटातल्या जखमेला आजही जो ओलसरपणा, जे वजन असते त्याचे मूळ मला या रंगमंचीय कारागिरीत दिसते. जखम कशी दिसते यापेक्षा ती शेजारी बसलेल्या माणसाला कशी वाटेल, याचा विचार तिथे आधी झालेला असतो.

याच विचाराचा फार शांत आविष्कार मारिना द व्हान यांच्या ‘दाँ मा पो’ या 2002 सालच्या चित्रपटात आहे. लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सगळे त्यांचेच आहे. नायिका एका पार्टीत अंधारात पडते, पायाला खोल जखम होते, पण तिला ते बराच वेळ कळतच नाही, आणि त्या क्षणापासून आपल्या कातडीविषयी तिला विलक्षण कुतूहल वाटू लागते. पुढे कामानिमित्तच्या एका जेवणात वरिष्ठ आणि पाहुणे गप्पांत रंगलेले असताना तिला आपला हात कोपरापासून सुटून टेबलावर, ताटांच्या शेजारी, पडलेला दिसतो. ती बावरते, दुसऱ्या हाताने तो चाचपते, इतरांचे लक्ष तर नाही ना हे पाहते आणि संभाषणात जमेल तशी मान डोलावत राहते. एक नकली हात आणि भोक पाडलेले टेबल यांच्या पलीकडे या दृश्याला काही लागले असेल असे वाटत नाही. तरीही सभ्य मेजवानीत आपले शरीर आपले न राहण्याची जी शरम त्यात आहे, ती मी इतर कुठल्याही भयपटात अनुभवलेली नाही. हा चित्रपट शेवटपर्यंत आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच वर सांगितलेली घसरण त्याच्या वाट्याला आलेली नाही.

इतरांच्या वाट्याला ती आली आहे. ‘हॉत तांसियाँ’च्या शेवटी कथानकाला जी कलाटणी दिली आहे तिचा तपशील मी सांगणार नाही. पण ती मान्य केली तर आधी पाहिलेले निम्मे प्रसंग, गाड्यांचा पाठलागही त्यात आला, घडणे शक्यच नव्हते असे म्हणावे लागते. प्रेक्षकाला फसवणे हा भयपटाचा हक्क आहे, मात्र फसवणुकीचा हिशेब जुळायला हवा, आणि येथे पटकथाकारांनी खतावणीच फाडून टाकली आहे. ‘आ लँतेरिएर’मध्येही शेवटाकडे, मेला असे आपण समजून चुकलेला एक पोलीस पुन्हा उठून उभा राहतो आणि त्याच्या उठण्याला चित्रपटात कसलेही कारण नाही. त्या क्षणापर्यंत दोन बायका, एक कात्री आणि न्हाणीघराचे दार यांच्यात जखडलेला हा चित्रपट दहा मिनिटे एखादा वेगळाच, अधिक मोठा आणि अधिक मूर्ख चित्रपट असल्यासारखा वागतो. कल्पनेला पैसा लागत नाही हे खरे, पण पटकथेचे चौथे आणि पाचवे पुनर्लेखन करायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजेच पैसा. त्यामुळे कमी खर्चाचा फटका प्रत्यक्षात दृश्यांना बसलेला नाही, तो कागदावर बसलेला आहे, असा माझा तर्क आहे.

दुसरी खोड खास फ्रेंच म्हणावी अशी आहे: भीतीला तत्त्वज्ञानाचे प्रमाणपत्र जोडण्याची. ‘मार्तीर’ हा या यादीतला सर्वांत धाडसी चित्रपट आहे यात शंका नाही. मध्यावर तो आपली कूस बदलतो. सूडकथा म्हणून सुरू झालेली गोष्ट तळघरात उतरते आणि तिथे हिंसेतला सगळा थरार काढून घेऊन तिचा नुसता कंटाळवाणा, यांत्रिक क्रम दाखवला जातो. हे जाणूनबुजून केलेले आहे आणि ते परिणामकारकही आहे. बेनुआ लेस्तांग यांची रंगभूषा त्यात शेवटी ज्या टोकाला जाते ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. पण या दोन भागांच्या सांध्यावर एक वृद्ध बाई छायाचित्रे दाखवत हुतात्मा म्हणजे काय यावर जवळजवळ व्याख्यान देते, आणि तिथे चित्रपटाचा स्वतःवरचा विश्वास उडालेला दिसतो. जे तळघर पुढच्या वीस मिनिटांत स्वतःच सांगणार आहे ते आधी शब्दांत का सांगावे? झाव्हिए जाँ यांच्या ‘फ्राँतिएर’मध्ये (2007) हीच खोड राजकारणाच्या रूपाने येते. निवडणुकीनंतरच्या दंगलीतून पळालेले तरुण सीमेजवळच्या खाणावळीत जुन्या नात्झी म्हाताऱ्याच्या कुटुंबाच्या तावडीत सापडतात, म्हणजे उपमा काय आहे हे दहाव्या मिनिटाला कळते आणि उरलेला वेळ ती उपमा आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवण्यात जातो. शिवाय सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन भयपटांची नक्कल इतकी उघड आहे की चिखल आणि रक्त फ्रेंच असूनही घर परके वाटते.

सामाजिक आशय या चित्रपटांना पेलत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ज्युस्त फिलिपो यांच्या ‘ला न्युए’मध्ये (2020) एकटी आई पशुखाद्यासाठी नाकतोडे पाळते. धंदा बुडत चालला आहे, किडे पुरेसे वाढत नाहीत, आणि एके दिवशी तिला कळते की रक्त चाखायला मिळाले की ते भराभर वाढतात. स्युलियान ब्राहिम यांनी ही बाई अशी उभी केली आहे की हिशेबाची वही आणि हाताची जखम यांतले अंतर कधी मिटले हे तिला आणि आपल्याला दोघांनाही कळत नाही. प्लॅस्टिकच्या तंबूंतली अखंड कुरकुर, जाळीवर चिकटलेले खरे किडे आणि त्यांच्या तोंडांची अगदी जवळून घेतलेली दृश्ये, एवढ्यावर पाऊण चित्रपट सहज तरतो. शेवटी थवा मोकळा सुटतो तेव्हा मात्र संगणकाच्या मदतीने आभाळ भरावे लागते, आणि तंबूत शंभर किड्यांची वाटली तेवढी भीती आभाळातल्या लाखोंची वाटत नाही.

सेबास्तियाँ व्हानिचेक यांच्या ‘व्हर्मीन’ने (2023) हा तोल बराच चांगला सांभाळला आहे. पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-ग्राँमध्ये ‘आरेन द पिकासो’ नावाची, दोन प्रचंड वर्तुळाकार चकत्या उभ्या केल्यासारखी दिसणारी वसाहत आहे. तिथे चित्रीकरण झाल्यामुळे चित्रपटाला एक भव्य सेट जवळजवळ आयता मिळाला. विषारी कोळी बुटांच्या खोक्यातून निसटतो, त्याची पिल्ले इमारतभर पसरतात आणि पोलीस रहिवाशांना आतच कोंडतात. जिथे खरे कोळी भिंतीवरून, बुटातून, न्हाणीघराच्या नळीतून चालतात तिथे खुर्चीत नीट बसवत नाही. जाळ्यांनी भरलेल्या एका लांब बोळात दिवे ठराविक वेळाने आपोआप विझतात. वीज वाचवण्यासाठी इमारतींत बसवलेली ही साधी सोय येथे छळाचे यंत्र होते, आणि दिवा पुन्हा लागेपर्यंतचा काळोख पात्रांइतकाच आपल्यालाही मोजावा लागतो. कोळी कुत्र्याएवढे होतात तेव्हा माझी भीती निम्म्यावर आली. त्याहून मोठी तक्रार अशी की यातली मंडळी पहिल्या दृश्यापासून एकमेकांवर ओरडतात, एकाच वेळी ओरडतात आणि संकट आल्यावर ओरडण्यासाठी त्यांच्याकडे आवाजच शिल्लक राहत नाही.

त्या गोंगाटानंतर दॉमिनिक रोशे यांचा ‘ला न्युई आ देव्होरे ल माँद’ (2018) पाहावा. पार्टीनंतर एका खोलीत झोपी गेलेला माणूस सकाळी उठतो तर पॅरिस मेलेल्यांच्या ताब्यात गेलेले असते, आणि पुढचा सगळा चित्रपट तो एका इमारतीत एकटा काढतो. यातले मुडदे गुरगुरत नाहीत, त्यांचा आवाजच येत नाही. लिफ्टच्या जाळीत अडकलेल्या एका मुडद्याशी नायक बोलू लागतो. दनी लाव्हाँ या नटाने ती भूमिका केली आहे आणि एका शब्दाशिवाय ती लक्षात राहते. मध्यंतरी चित्रपट रेंगाळतो, पण त्याचे रेंगाळणे प्रामाणिक आहे.

या सगळ्यांच्या आधीचे जाँ रोलाँ यांचे नाव टाळून हे परीक्षण पूर्ण करता येणार नाही, जरी त्यांच्या चित्रपटांना भयपट म्हणावे की झोपेत रचलेल्या कविता, याबद्दल माझे मत दर वेळी बदलते. त्यांचा पहिला चित्रपट ‘ल व्हिओल द्यु व्हाँपीर’ मे 1968 मध्ये, पॅरिस संप आणि निदर्शनांनी पेटलेले असताना प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी संतापून गोंधळ घातला. संतापाला कारणही होते. मुळात लघुपट म्हणून केलेल्या गोष्टीला पुढे दुसरा भाग जोडून पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता, आणि त्यासाठी पहिल्या भागात मेलेल्या पात्रांना पुन्हा जिवंत करावे लागले होते. रोलाँ यांचे कलाकार अनेकदा लाकडी असतात, संवाद चालता चालता थांबतात आणि कथेला कार्यकारणभाव नसतो. पण दिएप्पजवळच्या पूरव्हिलच्या किनाऱ्यावर, पांढऱ्या कड्यांखाली, लाटांत उभ्या कुजक्या लाकडी खांबांच्या रांगेत ते आपली पात्रे नेऊन उभी करतात आणि फुकट मिळालेल्या त्या जागेतून अशी चित्रचौकट काढतात की कथा काय होती हे विचारावेसे वाटत नाही. ‘ला रोज द फेर’ (1973) मध्ये एक जोडपे रात्रभर दफनभूमीत वाट चुकते, बस्स. आमियाँची खरी दफनभूमी, धुके, लोखंडी फाटके आणि दोन माणसे. मी तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मध्ये डुलकी लागली. तरीही तिसऱ्यांदा पाहीन.

याच रोलाँ यांनी आयत्या वेळी हाती घेतलेला आणि टोपणनावाने केलेला ‘ल लाक दे मॉर व्हिव्हाँ’ (1981) हा स्वस्तपणाच्या दुसऱ्या टोकाचा नमुना आहे. महायुद्धात गावकऱ्यांनी मारून तळ्यात टाकलेले जर्मन सैनिक हिरव्या तोंडाने वर येतात. तो हिरवा रंग मानेपाशी संपतो आणि बळीच्या अंगाला लागतो. तळ्याखालची दृश्ये पोहण्याच्या तलावात घेतली आहेत हे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. येथे पैसा नव्हता हे कारण पुरे पडत नाही, कारण ‘ला रोज द फेर’लाही पैसा नव्हता. येथे जे दाखवणे परवडत नाही तेच दाखवण्याचा हट्ट आहे.

या परंपरेची आणखी एक उणीव पडद्यावर दिसत नाही. ज्याचा पहिला किंवा दुसरा चित्रपट गाजतो तो पुढच्यासाठी अमेरिकेची वाट धरतो. आजा गेले, मोरो आणि पालू गेले, लोजिए गेले, आणि ‘व्हर्मीन’नंतर व्हानिचेक यांनाही तिकडच्या एका जुन्या भयपट मालिकेचे काम मिळाले. त्यामुळे फ्रान्समध्ये पदार्पणाचे उत्तम भयपट भरपूर आहेत आणि अनुभवी दिग्दर्शकाचा तिसरा-चौथा, मुरलेला भयपट जवळजवळ नाही. पहिल्या प्रयत्नाची ऊर्जा आणि पहिल्याच प्रयत्नाच्या चुका असे मिश्रण मग प्रेक्षकाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते. मोरो काही वर्षांनी परतले आणि 2024 मध्ये त्यांनी ‘मॅड्स’ हा सलग एका चित्रणात उलगडणारा भयपट केला, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. हे चित्रपट मूळ फ्रेंच ध्वनीसह आणि सबटायटलांसह पाहावेत. ‘हॉत तांसियाँ’ची अमेरिकेत प्रदर्शित झालेली आवृत्ती काटछाट केलेली आणि बऱ्याच अंशी इंग्रजीत डब केलेली होती, तिच्या वाटेला जाऊ नये. पडदा मोठा नसला तरी चालेल, खोली मात्र अंधारी हवी. मी ‘आ लँतेरिएर’ पहिल्यांदा दुपारी, खिडकीचा उजेड पडद्यावर असताना, एका स्ट्रीमिंग सेवेवर पाहिला होता. चित्र इतके दाबलेले होते की काळोखाच्या जागी करड्या चौकोनांचा चिवडा दिसत होता आणि सुरुवातीला वर्णन केलेला तो चेहरा मला दिसलाच नाही. चित्रपट एवढा का गाजला याचे मला नवल वाटत राहिले. महिन्यांनी चांगल्या प्रतीच्या डिस्कवर, रात्री, कानाला हेडफोन लावून पुन्हा पाहिला तेव्हा उत्तर मिळाले.

सुरुवात ‘ईल’ने करावी, कारण तो छोटा आहे आणि त्यात रक्त कमी आहे. मग ‘मालेफिक’, ‘ला न्युए’ आणि ‘दाँ मा पो’. ‘हॉत तांसियाँ’ पाहताना शेवटाकडून अपेक्षा ठेवू नये. गरोदर असलेल्यांनी किंवा नुकतेच मूल गमावलेल्यांनी ‘आ लँतेरिएर’ पाहू नये, हे मी गांभीर्याने सांगतो. ‘मार्तीर’ एकट्याने पाहू नये आणि कोणाला आग्रह करूनही दाखवू नये. मी एका मित्राला आग्रह केला होता आणि चित्रपट संपल्यावर तो काहीही न बोलता चपला घालून निघून गेला. ‘ल लाक दे मॉर व्हिव्हाँ’साठी मात्र शक्य तितकी माणसे जमवावीत.